हृदयविकाराचा झटका : उपचाराचे बदललेले वेळापत्रक

काणकोणहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळ साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे. करमल घाटाची वळणे आणि मडगावची रहदारी ओलांडून तेथे पोहोचण्यास रुग्णवाहिकेलाही तासाहून अधिक वेळ लागू शकतो. सत्तरीच्या आतल्या गावांची, सांगे तालुक्यातील वाड्यांची किंवा सीमेपलीकडील दोडामार्गची स्थिती फारशी वेगळी नाही. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचा खरा उपचार या प्रवासाच्या शेवटी सुरू होत असे. आता तो प्रवासापूर्वीच, जवळच्या आरोग्य केंद्रात सुरू व्हावा, अशी व्यवस्था उभी राहिली आहे. गेल्या काही वर्षांत हृदयरोग उपचारांत अनेक नवी उपकरणे आणि औषधे आली. मात्र सामान्य रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल आहे तो वेळापत्रकाचा. ही व्यवस्था कशी चालते, तिच्यामागे कोणते शास्त्र आहे आणि रुग्णाच्या घरच्यांनी काय करायला हवे, याचा हा आढावा.

झटका म्हणजे नेमके काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना हृदयधमन्या म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातो. हा थर एखाद्या क्षणी फुटतो किंवा खरवडला जातो आणि त्या जागी रक्ताची गुठळी तयार होते. गुठळीने धमनी पूर्ण बंद झाली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. साधारण अर्ध्या तासानंतर पेशी मरू लागतात आणि पुढच्या काही तासांत मृत भाग आतून बाहेर पसरत जातो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा तयार होत नाही; त्याची जागा व्रण घेतो. रुग्ण वाचला तरी हृदयाची रक्त पंप करण्याची शक्ती किती उरेल, हे याच काही तासांत ठरते.

धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण बहुधा ईसीजीच्या आलेखात दिसते. आलेखातील 'एसटी' हा भाग वर उचललेला दिसतो, म्हणून या प्रकाराला 'एसटी एलिव्हेशन मायोकार्डियल इन्फार्क्शन', संक्षेपाने 'स्टेमी' म्हणतात. धमनी अंशतः बंद असेल, तर आलेखात ही खूण नसते. अशा वेळी रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाच्या तपासणीवरून निदान होते. दोन्ही प्रकार गंभीर आहेत, पण स्टेमीमध्ये प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. झटक्यात रक्तपुरवठा अडतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, घाम पुसतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रुग्ण बेशुद्ध होतो आणि त्याचा श्वास थांबतो. पहिलीतून दुसरी उद्भवू शकते आणि तो धोका झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. म्हणूनच चालता-बोलता रुग्णदेखील शक्य तितक्या लवकर डिफिब्रिलेटर असलेल्या ठिकाणी पोहोचणे महत्त्वाचे ठरते.

वेळेचे गणित कसे सिद्ध झाले?

गुठळी विरघळवणारे औषध झटक्यात उपयोगी पडते, याचा निर्णायक पुरावा इटलीतील 'जिस्सी' या अभ्यासाने १९८६ मध्ये दिला. स्ट्रेप्टोकायनेज हे औषध दिलेल्या आणि न दिलेल्या अशा एकूण ११ हजारांहून अधिक रुग्णांची त्यात तुलना झाली. वेदना सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. तीन तासांच्या आत मिळालेल्यांमध्ये ही घट सुमारे २३ टक्के होती. त्यानंतर लाभ झपाट्याने कमी होत गेला. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने साध्या ॲस्पिरिनचे महत्त्वही सिद्ध केले. एकट्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी, तर ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज एकत्र दिल्यास ४२ टक्क्यांनी कमी झाले.

औषध हाताशी होते, पण भारतातील रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचत नव्हता. देशातील ८९ इस्पितळांतील २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेणारा 'क्रिएट' हा अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून इस्पितळात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. ज्या पहिल्या तासांत औषधाचा सर्वाधिक लाभ मिळतो, ते घरी, वाटेत किंवा एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात संपत होते.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक बोचरा होता. गरीब रुग्णांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ८.२ टक्के, तर श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के होते. दोन्ही गटांना मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबात धरली, तेव्हा ही दरी नाहीशी झाली. गरिबाचे हृदय मुळात अधिक दुबळे नव्हते. त्याला मिळालेले उपचार अपुरे होते. पुढे देशात उभ्या राहिलेल्या स्टेमी व्यवस्थांची गरज या एका निष्कर्षातून कळते.

धमनी उघडण्याचे दोन मार्ग

बंद धमनी उघडण्याचे आज दोन मार्ग आहेत. पहिला अँजिओप्लास्टीचा. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयधमनीपर्यंत नेऊन फुग्याने अडथळा दूर करतात आणि तेथे स्टेंट बसवतात. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच येथे पहिली हृदयधमनी अँजिओप्लास्टी केली. झटका आलेल्या रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये नेऊन ती केली, तर तिला 'प्रायमरी अँजिओप्लास्टी' म्हणतात. ती वेळेत होऊ शकत असेल, तर हाच सर्वोत्तम उपचार मानला जातो.

दुसरा मार्ग गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून अर्धा ते एक तास द्यावे लागते आणि त्याने रक्तदाब घसरू शकतो. टेनेक्टेप्लेज हे नंतरच्या पिढीतील औषध रुग्णाच्या वजनानुसार मात्रा ठरवून एकाच वेळी, काही सेकंदांत शिरेतून देता येते. ग्रामीण आरोग्य केंद्राच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. अलीकडे पक्षाघात झालेल्या, मेंदूत कधीही रक्तस्राव झालेल्या, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा अंगांतर्गत रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णांना मात्र ही औषधे देता येत नाहीत. ७५ वर्षांवरील रुग्णांत मेंदूतील रक्तस्रावाचा धोका टाळण्यासाठी टेनेक्टेप्लेजची मात्रा निम्मी ठेवण्याची शिफारस आहे.

हे दोन मार्ग परस्परविरोधी नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्रीम' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, तासाभरात प्रायमरी अँजिओप्लास्टी होऊ न शकणाऱ्या रुग्णांना आधी टेनेक्टेप्लेज देऊन नंतर अँजिओग्राफीसाठी हलवण्यात आले. थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या तुलनेत त्यांचे परिणाम निकृष्ट नव्हते. मेंदूतील रक्तस्रावाचा धोका मात्र किंचित अधिक आढळला. आधी इंजेक्शन आणि मग कॅथलॅब, या क्रमाला आज जगभर मान्यता आहे. त्याचे वेळापत्रक साधारण असे :

- रुग्ण आरोग्य केंद्रात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी.
- निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य असेल, तर थेट कॅथलॅब.
- ती शक्य नसेल, तर पोहोचल्यापासून ३० मिनिटांच्या आत इंजेक्शन.
- इंजेक्शननंतर लगेच मोठ्या इस्पितळाकडे रवानगी. धमनी उघडली नाही तर तातडीची अँजिओप्लास्टी, उघडली तर साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी.
- लक्षणे सुरू होऊन १२ तास उलटल्यावर इंजेक्शनचा लाभ सहसा उरत नाही.

तामिळनाडूचा धडा, गोव्याची घडी

ही रचना प्रत्यक्षात उतरते का, हे भारतात प्रथम तामिळनाडूत पद्धतशीरपणे तपासले गेले. एक मोठे इस्पितळ केंद्रस्थानी आणि त्याला जोडलेली लहान इस्पितळे, अशा चार समूहांत तेथे स्टेमी कार्यक्रम राबवण्यात आला. २,४२० रुग्णांच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रमापूर्वी एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के होते, ते नंतर १४.२ टक्क्यांवर आले. नवे औषध किंवा नवे यंत्र न शोधता, असलेल्याच साधनांची जोडणी नीट केल्यामुळे हा फरक पडला.

गोव्यात स्टेमी प्रकल्प २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. बांबोळीचे गोमेकॉ इस्पितळ हे त्याचे केंद्र. जिल्हा इस्पितळे, उपजिल्हा इस्पितळे आणि सामाजिक आरोग्य केंद्रे त्याला जोडलेली आहेत. छातीत दुखत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा तेथे ईसीजी काढला जातो. यंत्र तो आलेख इंटरनेटद्वारे पाठवते. बेंगळुरू येथील 'ट्रायकॉग' या कंपनीची संगणक प्रणाली आणि तज्ज्ञ डॉक्टर तो वाचून काही मिनिटांत अहवाल देतात. स्टेमीचे निदान झाले, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टर गोमेकॉतील हृदयरोग विभागाशी संपर्क साधून टेनेक्टेप्लेज देतात. हे महागडे इंजेक्शन रुग्णाला मोफत मिळते. त्यानंतर १०८ रुग्णवाहिकेतून त्याला बांबोळीला हलवले जाते.

लहान आकाराचा लाभ येथे गोव्याला मिळतो. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात एक केंद्र आणि त्याभोवती आरोग्य केंद्रांचे जाळे अशी रचना संपूर्ण राज्याला व्यापू शकते. मोठ्या राज्यांना ती अनेक समूहांत विभागावी लागते. गोमेकॉवर सिंधुदुर्ग आणि कारवार परिसरातील रुग्णही अवलंबून असतात, त्यामुळे या व्यवस्थेचा ताण आणि उपयोग दोन्ही सीमेपलीकडे पोहोचतात. महाराष्ट्रातही याच धर्तीवर स्टेमी प्रकल्प राबवला जात आहे.

संगणकाने ईसीजी वाचण्याबाबत अनेकांच्या मनात शंका असते. ही प्रणाली आलेखातील संशयास्पद खुणा वेगाने हेरते आणि तातडीचे आलेख रांगेत पुढे आणते. अहवालाची जबाबदारी डॉक्टरांचीच असते. मात्र ईसीजीला स्वतःच्या मर्यादा आहेत. हृदयाच्या मागील भागातील झटका नेहमीच्या बारा जोडण्यांच्या आलेखात सहज दिसत नाही. वेदना सुरू होताच काढलेला पहिला ईसीजी सामान्य येऊ शकतो. म्हणून लक्षणे कायम असतील, तर काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा ईसीजी काढणे आणि ट्रोपोनिन तपासणे आवश्यक असते. 'ईसीजी नॉर्मल आला' एवढ्यावर रुग्णाने घरी परतणे धोक्याचे ठरू शकते.

घरात जाणारा वेळ

आरोग्य केंद्राच्या दारापासून पुढचा वेळ व्यवस्थेच्या हाती असतो. दारापर्यंतचा वेळ मात्र रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असतो आणि बहुतेक विलंब तेथेच होतो. छातीतील जळजळ पित्ताची समजली जाते, सोडा किंवा जिरेपाणी घेतले जाते, रात्र असेल तर सकाळची वाट पाहिली जाते. अनेक जण आधी ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात. तेथे ईसीजी यंत्र किंवा इंजेक्शन नसेल, तर तो वेळ वाया जातो.

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखी वेदना. ती डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, मानेत, पाठीत पसरणे. गार घाम, मळमळ, धाप ही नेहमीची लक्षणे होत. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात वेदना सौम्य असू शकते किंवा अजिबात नसते. अचानक आलेला असह्य थकवा, धाप, उलटीची भावना किंवा बेंबीच्या वर दुखणे एवढेच त्यांच्यात जाणवते. स्त्रियांच्या तक्रारीकडे घरात आणि कधी कधी दवाखान्यातही उशिरा लक्ष दिले जाते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत विलंबाचा धोका अधिक असतो. अशी लक्षणे विश्रांतीनंतरही पाच-दहा मिनिटांत न शमल्यास झटका गृहीत धरूनच हालचाल करावी. शेवटी ते पित्त निघाले, तर नुकसान एका फेरीचे होते.

अशा वेळी करण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि छातीत दुखत असल्याचे स्पष्ट सांगावे. रुग्णाला अर्धवट बसवून ठेवावे. चालू देऊ नये, जिने चढू-उतरू देऊ नयेत. रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवणे सर्वांत धोक्याचे, कारण वाटेत हृदयक्रिया बंद पडली तर त्याच्यासह इतरांचेही प्राण संकटात येतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्तस्राव किंवा पक्षाघाताची लक्षणे नसतील, तर डॉक्टरांच्या किंवा १०८ वरील मार्गदर्शनाने सुमारे ३०० मिलीग्रॅम ॲस्पिरिन चावून घेता येते. चावल्याने ते लवकर शोषले जाते.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याकडून आणून देण्याची प्रथा मात्र टाळावी. तिने रक्तदाब एकदम घसरू शकतो. हृदयाच्या उजव्या भागाला झटका असेल किंवा रुग्णाने लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखे औषध घेतले असेल, तर ती प्राणघातक ठरू शकते. जोरजोरात खोकल्याने झटका थांबतो, हा समाजमाध्यमांवरून फिरणारा सल्लाही निराधार आहे.

रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीनेही तोंडाने श्वास न देता केवळ दाब दिले, तरी रुग्णाच्या बचावाची शक्यता वाढते.

कॅथलॅबमध्ये काय बदलले?

अँजिओप्लास्टीच्या तंत्रातही मोठे फरक पडले आहेत. पूर्वी जांघेतील धमनीतून नळी घातली जाई आणि रुग्णाला तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावे लागे. आता बहुतांश ठिकाणी मनगटातील धमनी वापरली जाते. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसतो. साध्या धातूच्या स्टेंटची जागा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटने घेतली, त्यामुळे धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटले. धमनीच्या आतून प्रतिमा घेणाऱ्या तंत्रांमुळे स्टेंट भिंतीला नीट चिकटला आहे का, हे तपासता येते. गुंतागुंतीच्या अडथळ्यांत त्यांचा वापर करण्याची शिफारस युरोपीय हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये केली आहे.

भारतात स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. तत्पूर्वी रुग्णांकडून लाखाहून अधिक रक्कम आकारली जात असे. गोव्यातील रहिवाशांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन किंवा त्याहून कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, तर त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याची तिची रचना आहे. योजनेचे कार्ड मुदतीत नूतनीकरण करून घरात हाताशी ठेवणे उपयोगाचे ठरते, कारण झटक्याच्या रात्री कागद शोधण्यास उसंत नसते.

स्टेंट हे प्रत्येक अडथळ्याचे उत्तर नाही, हेही याच काळात स्पष्ट झाले. झटका आलेल्या रुग्णात तो जीव वाचवतो. परंतु चालताना ठरावीक श्रमांनंतर छातीत दुखणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांमध्ये स्थिती वेगळी आहे. अशा पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांसोबत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले नाही. वेदनेपासून आराम मात्र अधिक मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाची शक्ती फार घटलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. स्थिर रुग्णाने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास वेळ असतो, झटका आलेल्याला नसतो. हा फरक कुटुंबाने ओळखला, तर घाईचे आणि दिरंगाईचे, दोन्ही चुकीचे निर्णय टळतात.

झटक्यानंतरची वर्षे

घरी परतलेल्या रुग्णाचा पुढचा काळ औषधांच्या नियमितपणावर अवलंबून असतो. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे सहसा वर्षभर एकत्र द्यावी लागतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांत डॉक्टर हा काळ कमी करतात. रुग्णाने परस्पर ती बंद केल्यास स्टेंट अचानक बंद पडून पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला, तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारणे आवश्यक असते.

कोलेस्टेरॉलबाबतचे निकष अधिक कडक झाले आहेत. भारतीय हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांत एलडीएल कोलेस्टेरॉल ५५ मिलीग्रॅमच्या खाली असावे. प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेली 'सामान्य' मर्यादा निरोगी व्यक्तीसाठी असते. अशा रुग्णाने तिच्यावर समाधान मानू नये. स्टॅटिन हे यातील मुख्य औषध. ते पुरेसे नसेल तर इझेटिमाइब आणि त्यापुढे इंजेक्शनद्वारे दिली जाणारी नवी औषधे जोडता येतात. त्यांपैकी इन्क्लिसिरान हे सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून केवळ दोनदा घ्यावे लागते. त्याची किंमत हा मात्र मोठा अडसर आहे.

हृदय दुबळे झालेल्या रुग्णांसाठी मधुमेहावरील औषधांचा एक गट उपयुक्त ठरला आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मधुमेह नसलेल्या हृदय-दुर्बलतेतही इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण कमी करतात, हे २०१९ नंतरच्या अभ्यासांतून दिसले. भारतात त्यांची स्वस्त रूपे उपलब्ध झाल्याने ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली आहेत. उलट, बीटा-ब्लॉकर ही झटक्यानंतर सर्रास दिली जाणारी औषधे पंपशक्ती शाबूत असलेल्यांना खरोखर हवीत का, याचा फेरविचार सुरू आहे. २०२४ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांत त्यांचा विशेष लाभ आढळला नाही, तर नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. ही चर्चा डॉक्टरांसाठी आहे. बातमी वाचून गोळी सोडणे घातक ठरेल.

कमी वयाचा प्रश्न

दक्षिण आशियातील लोकांना झटका लवकर येतो. ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे आढळले. याच अभ्यासाने दाखवून दिले, की तंबाखू, कोलेस्टेरॉलमधील बिघाड, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटावरील चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी हे नऊ घटक जगभरातील ९० टक्क्यांच्या आसपास झटक्यांची जोखीम स्पष्ट करतात.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा संबंध कोविड लशीशी जोडणारे संदेश अजूनही फिरत असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ इस्पितळांत १८ ते ४५ वयोगटातील अशा मृत्यूंची तपासणी केली. लसीकरणाने धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कुटुंबातील अचानक मृत्यूचा इतिहास, कोविडमुळे इस्पितळात भरती व्हावे लागणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांतील अतिमद्यपान आणि अनावर श्रम यांचा संबंध मात्र दिसून आला. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांपूर्वी, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांपूर्वी झटका आला आहे, त्यांनी तिशीपासूनच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेणे शहाणपणाचे. आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए ची तपासणीही आता सुचवली जाते. ते बव्हंशी आनुवंशिक असते आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉल चाचणीत दिसत नाही.

जपून ठेवण्याचे कागद

हृदयरोगाच्या रुग्णाने आपला जुना ईसीजी घरात सहज सापडेल अशा जागी ठेवावा. नवा बदल ओळखण्यास डॉक्टरांना त्याची तुलना उपयोगी पडते. चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, स्टेंट बसवल्याची तारीख आणि योजनेचे कार्ड त्याच पाकिटात असावे. गावातील कोणत्या आरोग्य केंद्रात रात्रीही ईसीजी काढला जातो आणि इंजेक्शन उपलब्ध असते, याची चौकशी प्रकृती ठीक असतानाच करून ठेवावी. काणकोणच्या रुग्णासाठी बांबोळी आजही तितकीच दूर आहे; उपचार मात्र आता चावडीवरच्या आरोग्य केंद्रात सुरू होऊ शकतो, घरातून वेळेत निघाले तर.